ओढा खोल करा, पण एक काठ राखा

सातारा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी बऱ्याच गावांत ओढ्याच्या खोलीकरणाची आणि रुंदीकरणाची कामं निघतील. मार्चअखेर पोकलेन ठरेल, डिझेलचा हिशेब होईल आणि मे संपायच्या आत ओढा सरळ, रुंद, नजरेला मोकळा दिसू लागेल. या कामांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. माण-खटावात टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाणी अडलंच पाहिजे, मुरलंच पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे की यंत्र ओढ्यात उतरेल तेव्हा त्याने एकाच काठाने काम करावं. समोरच्या काठाचं लव्हाळं, पाणकणीस, पाण्यात उतरलेली करंज-उंबराची मुळं यांना हात लावू नये.

ही मागणी मी टाचण्यांसाठी करते आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली कित्येक वर्षं ओढ्याकाठी या किड्यांचं निरीक्षण करते. किड्यासाठी कोणी ग्रामपंचायतीला पत्र लिहितं का, असं आपल्यातल्या काहींच्या मनात येईल. पत्र शेवटपर्यंत वाचावं, मग ठरवावं.

चतुर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात आणि पुढे गणपती-नवरात्राच्या दिवसांत उघड्या माळावर थव्याने घिरट्या घालतो तो. टाचणी त्याचीच चुलत बहीण, पण ती माळावर येत नाही. ती पाण्याच्या कडेला, गवताच्या पात्यावर, बांधाच्या सावलीत असते आणि उडाली तरी चार हातांवर जाऊन पुन्हा बसते. म्हणून ती नजरेतून सुटते. शास्त्रात दोघांचा गण एकच, ओडोनाटा. जगभरात या गणाच्या ६,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या टाचण्या आहेत. भारतात चतुर आणि टाचण्या मिळून ५०० च्या आसपास जाती आहेत, पश्चिम घाटात २०० च्या आसपास. आपला जिल्हा पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेच्या धुवाधार पावसात आणि पूर्वेला म्हसवडच्या कोरड्या माळावर पसरलेला आहे, त्यामुळे डोंगरातल्या वाहत्या ओढ्यांच्या आणि पठारी तळ्यांच्या अशा दोन्ही जाती आपल्याकडे नांदतात.

दोघांतला फरक एकदा कळला की लहान मूलही चुकत नाही. चतुर बसला तरी पंख आडवे पसरून बसतो, टाचणी ते मिटून पाठीवर धरते. यालाही अपवाद आहे. लेस्टिस या गटातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. अशा वेळी डोळे पाहावेत. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात आणि मध्ये आणखी एक डोळा मावेल इतकी जागा असते. पंखांवरूनही ओळख पटते. चतुराचा मागचा पंख पुढच्यापेक्षा बुडाशी चांगलाच रुंद असतो. टाचणीचे चारही पंख एकाच घडणीचे, अंगाकडे निमुळते होत गेलेले. बाकी शरीर म्हणजे दहा खंडांचं, काडीसारखं बारीक पोट.

आता मुद्द्याचं. टाचणी अंडी कुठे घालते, यावर या पत्राचा सगळा भार आहे.

आपण पाहिलं असेल, चतुराची मादी पाण्यावरून उडता उडता पोटाचं टोक पाण्याला टेकवत जाते. ती अंडी सोडत असते. बहुतेक चतुरांचं असंच असतं. अनॅक्ससारखे काही मोठे चतुर वेगळे, पण ते थोडे. टाचणीला ही सोय नाही. तिच्या पोटाच्या टोकाखाली दातेरी, टोकदार अंडनळी असते आणि तिने ती वनस्पतीचा जिवंत किंवा कुजका भाग चिरून त्याच्या आत अंडी ठेवते. लव्हाळ्याचा दांडा, कमळाचा देठ, पाण्यात तरंगणारं पान, बुडालेली काडी, यांपैकी काहीतरी तिला लागतंच. नुसतं पाणी तिच्या उपयोगाचं नाही.

श्रावणात ऊन पडलं की सकाळी दहाच्या पुढे कुठल्याही झाडोऱ्याच्या ओढ्यावर जा. पिवळ्याधमक पोटाची आणि हिरवट छातीची एक टाचणी आपल्याकडे सगळीकडे दिसते, सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलिॲनम. तिची जोडी पाण्यातल्या देठावर उतरते. नराने शेपटीच्या टोकावरच्या चिमट्यांनी मादीला मानेमागे धरलेलं असतं. मादी देठ पकडते आणि नर कशालाही न धरता, पाय अंगाशी घेऊन तिच्या वर सरळ उभा राहतो. मादी पोट कमानीत वाकवते, अंडनळी देठावर टेकवते, साल चिरते, अंडं आत सरकवते. मग केसभर मागे सरकून पुन्हा तेच. वाऱ्याने देठ हलला तरी दोघं सुटत नाहीत. ती उडून गेल्यावर भिंगातून पाहिलं तर देठावर बारीक चिरांची ओळ दिसते आणि प्रत्येक चिरेखाली जेमतेम मिलीमीटरभर लांबीचं अंडं असतं. काही जातींच्या माद्या, कधी नरासकट, देठावरून खाली उतरत पूर्ण पाण्यात जातात. अंगाभोवती हवेचा चकचकीत थर असतो, त्यावर त्या बराच वेळ खाली राहून अंडी घालतात.

नर एवढा पहारा का देतो, याचं उत्तर १९७९ साली जोनाथन वागे या अमेरिकी संशोधकाने दिलं. नराचं जननेंद्रिय आधीच्या नराचे शुक्राणू मादीच्या अंगातून काढून टाकतं आणि मगच आपले ठेवतं, हे त्यांनी टाचणीच्याच एका जातीवर दाखवलं. प्राणिशास्त्रात तो शोध फार गाजला, कारण त्यानंतर कितीतरी प्राण्यांच्या मीलनाकडे पाहण्याची नजर बदलली. अंडी घालून होईस्तोवर दुसरा नर आला तर पहिल्याची मेहनत वाया, म्हणून ही राखण. टाचण्यांच्या जोडीचा बदामाच्या आकाराचा जो फेर दिसतो, तोही याच विचित्र शरीररचनेतून आलेला आहे. नराचे शुक्राणू तयार होतात पोटाच्या टोकाशी आणि मीलनाचं इंद्रिय असतं पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली. त्यामुळे नर मान धरतो आणि मादीला पोट वळवून पुढे आणावं लागतं. हे सगळं घडतं काठाच्या त्या दोन-चार हातांच्या हिरव्या पट्ट्यात. चांगल्या काड्यांचा काठ कोणाच्या ताब्यात, यावरून काही जातींचे नर एकमेकांशी भांडतात.

हाच पट्टा यंत्राच्या बादलीत सर्वांत आधी जातो.

आमच्या जवळच्या एका गावात दोन उन्हाळ्यांपूर्वी ओढ्याचं काम झालं. काम मनापासून झालं, लोकवर्गणी झाली, पाणीही साठलं, त्याचं मला कौतुक आहे. पण दोन्ही काठ उभे कापले गेले आणि निघालेली माती काठावरच ढिगाने लोटली गेली. पहिल्या जोराच्या पावसात त्यातली बरीच परत ओढ्यात आली. पाऊस उघडल्यावर मी गेले तेव्हा पाण्यावर चतुर भरपूर होते. टाचण्या मात्र कापलेल्या भागात शोधूनही दिसेनात. वरच्या अंगाला एका वळणावर खडक लागल्यामुळे यंत्र थांबलं होतं. तिथे जुनं लव्हाळं, एक वाळुंज आणि पाण्यात पडलेली फांदी तशीच राहिली होती आणि त्या एवढ्याशा तुकड्यात टाचण्यांची गर्दी होती. पुढच्या पावसाळ्यातही चित्र फारसं वेगळं नव्हतं. लव्हाळं परत यायला वेळ लागतो आणि उभ्या कापलेल्या काठावर ते रुजायला उथळ जागाच उरत नाही.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचंही असंच. तिथे पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर भटका चतुर येतो, पाण्यावर अंडी टाकतो आणि त्याची पिल्लं वाढतात. हा चतुर हजारो किलोमीटर स्थलांतर करणारा, जिथे पाणी तिथे आपला म्हणणारा. टाचणीला शेततळ्यात चिरायला देठ नाही. म्हणून "आमच्या तळ्यावर चतुर आहेत की" हे उत्तर मला पुरत नाही.

एखादा सरपंच रास्तपणे विचारेल, टाचण्या गेल्या तर गावाचं काय बिघडलं? त्यासाठी पाण्याखाली बघावं लागतं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्यातच वाढतं. एक पांढरी परात आणि पीठ चाळायची चाळणी घेऊन काठच्या शेवाळातून दोन-चार वेळा फिरवा आणि निघेल ते परातीत उलटं करा. मिनिटभर काही हलत नाही. मग मातकट-हिरव्या रंगाचा एक बारीक जीव दिसतो, त्याच्या शेपटीला पानासारख्या तीन पट्ट्या. ते त्याचे कल्ले. पोहताना तो अंग डावी-उजवीकडे वळवतो आणि त्या पट्ट्यांनी पाणी ढकलतो. शत्रूने एखादी पट्टी धरली तर तो ती तोडून देतो आणि पुढच्या कातींत ती पुन्हा येते. चतुराच्या पिल्लाला अशा बाहेर पट्ट्या नसतात. त्याचे कल्ले गुदाशयात असतात आणि तिथून पाण्याची पिचकारी मारून ते पुढे सरकतं. परातीत हा फरक पाचवीतल्या मुलालाही दिसतो.

या पिल्लाचा खालचा ओठ हा त्याचा सापळा आहे. एरवी तो कोपरात दुमडलेल्या हातासारखा डोक्याखाली घडी करून असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे उलगडतो, टोकावरचे आकडे अळीत रुततात आणि ती तोंडाशी येते. हे इतकं चटकन होतं की डोळ्याला नुसती अळी नाहीशी झाल्यासारखी वाटते. डासांच्या अळ्या, बारीक जलकीटक, पाणपिसवा हे त्याचं रोजचं खाणं. पुरेशा काती टाकून झाल्या की ते एखाद्या देठावरून पाण्याबाहेर चढतं, पाठीवर कात फाटते आणि मऊ, फिकट टाचणी बाहेर येते. बाहेर चढायलाही देठ लागतो, हे ध्यानात घ्यावं. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात लहान जातींची अंड्यापासून इथवरची मजल दोन-तीन महिन्यांत पुरी होऊ शकते.

मोठ्या टाचणीचं खाणंही कामाचं आहे. ती पिकाच्या पानांवरून बारीक माश्या, तुडतुडे, मावा टिपते. पाटण-जावळीच्या भातखाचरांत ॲग्रिऑक्नेमिस गटातल्या टाचण्या पाहाव्यात. जेमतेम २ सेंटिमीटर लांबीच्या, चुडांच्या मधून फिरणाऱ्या. वरून फवारणी करणाऱ्याला त्या दिसतसुद्धा नाहीत.

इथे वाढवून सांगायचं नाही. टाचण्या आल्या म्हणजे गावातला डेंगी जाईल असं मी म्हणणार नाही. डेंगीचा डास घरातल्या टाकीत, कुंडीत, टायरमध्ये वाढतो, तिथे टाचणी जात नाही. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस मात्र पाटाच्या, ओढ्याच्या, नदीपात्रातल्या डबक्यांच्या पाण्यात वाढतो. उन्हाळ्यात ओढा आटून डबकी उरतात तेव्हा त्या डबक्यांत शिकारी किडे असणं गावाच्या हिताचं आहे. आपण त्याच महिन्यांत ओढा खरवडतो. पिल्लंही त्याच उरल्यासुरल्या डोहांत गोळा झालेली असतात.

याच संदर्भात गप्पी माशांबद्दल. हौदात, विहिरीत, वापराच्या टाक्यांत गप्पी जरूर सोडा. ओढ्यात आणि पाझर तलावात सोडू नका, गॅम्बुसिया तर मुळीच नको. हे मासे डासाच्या अळ्या खातात तशी टाचणीची कोवळी पिल्लंही खातात, आणि एकदा सोडले की परत काढता येत नाहीत.

आता दुसरी विनंती, जैवविविधता समित्यांना. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमायची आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. मी ज्या नोंदवह्या पाहिल्या, त्यांत वड, पिंपळ, मोर, नाग, फार तर फुलपाखरं असतात. ओढ्यातल्या किड्यांचं पान कोरं. ते पान भरणं फार अवघड नाही. शाळेतली मुलं, मोबाइलचा कॅमेरा आणि थोडा धीर पुरतो.

फोटो काढताना एकाच टाचणीचे तीन काढावेत: बाजूने, वरून आणि पोटाच्या टोकाचा अगदी जवळून. टोकाचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि ओळख तिथेच अडते. नराच्या टोकावर वरची एक आणि खालची एक अशा चिमट्यांच्या दोन जोड्या असतात. त्यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो, कारण ते त्याच जातीच्या मादीच्या मानेमागच्या घडणीत बसावे लागतात. रंगावर एकट्यावर विसंबू नये. ॲग्रिऑक्नेमिस पिग्मियाची कोवळी मादी लालसर असते आणि वयात आल्यावर हिरवट होते. इश्नुरा सेनेगालेन्सिसच्या काही माद्या नारिंगी छातीच्या तर काही हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात. एकाच डबक्यावर एकाच जातीच्या तीन वेगळ्या टाचण्या लिहून ठेवल्या जातात त्या यामुळेच.

पंखाकडेही बघावं. वरच्या कडेवर, मध्याच्या बरंच अलीकडे, एक बारीक खाच असते. तिला नोडस म्हणतात. बुडापासून त्या खाचेपर्यंत वरच्या कडेच्या आडव्या शिरा मोजाव्यात. गवतातल्या साध्या टाचण्यांत त्या दोनच असतात. सह्याद्रीच्या ओढ्यांवरच्या, धातूसारख्या चमकत्या अंगाच्या किंवा रंगीत पंखांच्या कुळांत त्या कितीतरी असतात. मोबाइलचा फोटो मोठा करून पाहिला की शिरा स्पष्ट मोजता येतात आणि अर्धी ओळख तिथेच होते.

सुरुवातीला नोंदवहीत काय सापडेल, ते थोडक्यात लिहिते. वर सांगितलेली पिवळी सेरिॲग्रिऑन जवळजवळ नक्की. वाहत्या पाण्याच्या काठावर केशरी चेहऱ्याची आणि निळ्या शेपटीच्या टोकाची स्यूडॲग्रिऑन रुब्रिसेप्स, तिचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. सावलीच्या जागी पिवळ्याधमक पायांची कोपेरा मार्जिनिपेस, जिच्या नुकत्याच कात टाकून पाण्याबाहेर आलेल्या कोवळ्या टाचण्या भुतासारख्या पांढऱ्या असतात. नदीकाठी चारही पंखांवर काळा डाग असलेली डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा. डोंगरातल्या ओढ्यावर, खडकावर किंवा पाण्यातल्या लाकडावर बसणारी, पुढे आलेल्या नाकाडाची हेलिओसायफा. या शेवटच्या कुळातल्या माद्या पाण्यातल्या कुजक्या लाकडात अंडी घालतात. म्हणजे "साफसफाई" म्हणून आपण ओढून काढतो ती पडलेली फांदी तिचं बाळंतघर असते.

आणखी एक गोष्ट, तिचा मला फार अभिमान वाटतो. २०२१ साली आपल्या ठोसेघरच्या परिसरातून टाचणीची एक नवी जात शास्त्राला कळली. तिचं नावच युफिया ठोसेघरेन्सिस. युफिया गटाची पिल्लं जोरात वाहणाऱ्या ओढ्यात दगडांखाली राहतात आणि त्यांना शेपटीबरोबरच पोटाच्या दोन्ही बाजूंनाही कल्ले असतात, असं फार थोड्या टाचण्यांत आढळतं. दरवर्षी हजारो लोक धबधबा बघायला येतात त्या गावाच्या पाण्यात ही टाचणी २०२१ पर्यंत नावाविना होती. आपल्या गावच्या ओढ्यात काय आहे, हे कोणी पाहिलंय?

"टाचणी दिसली म्हणजे पाणी शुद्ध", असं हल्ली सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. इश्नुरा सेनेगालेन्सिस गावाच्या सांडपाण्यावरही मजेत राहते. कोणती टाचणी दिसली, हे महत्त्वाचं. सावलीतल्या आणि वाहत्या पाण्यातल्या जाती नाहीशा होऊन सगळीकडे तीच एक दिसू लागली, तर ओढ्याचं काहीतरी बिघडलं आहे. हे कळायला दरवर्षीची नोंद लागते, म्हणून नोंदवहीचा आग्रह.

कामाच्या ठिकाणी काय करता येईल तेही लिहिते, म्हणजे ठेकेदाराला आणि यंत्रचालकाला नेमकं सांगता येईल.

यंत्र एका काठावर फिरवावं, जमेल तिथे दक्षिणेकडचा किंवा जास्त झाडांचा काठ राखावा, म्हणजे दुपारची सावली पाण्यावर राहते. कापायच्या काठाला उभा न कापता उतार द्यावा. उतारावर लव्हाळं आपोआप धरतं आणि माती ढासळत नाही, त्यामुळे केलेलं खोलीकरण पावसात बुजत नाही. निघालेली माती काठावर न लोटता शेतात न्यावी, गाळ तर शेतकऱ्याला हवाच असतो. सगळा ओढा एका वर्षात खरवडू नये. अर्धा यंदा, अर्धा पुढच्या साली केला की राहिलेल्या भागातून टाचण्या नव्या भागात येतात, त्या फार लांब उडत नसल्या तरी शे-दोनशे मीटर त्यांना जड नाही. उन्हाळ्यात पाणी टिकलेला एखादा डोह तसाच सोडावा. दगडी पिचिंग किंवा सिमेंटची भिंत पूल, बंधारा, रस्ता यांच्यापुरती ठेवावी. जलपर्णी आणि बेशरम मात्र जरूर काढावी, त्यांच्यासाठी मी रदबदली करणार नाही. जलपर्णी काढताना देशी लव्हाळं आणि कमळं उपटली जाऊ नयेत एवढं पाहावं.

यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही. एका काठाचं काम वाचलं तर डिझेलही वाचतं. लागते ती अंदाजपत्रकातली एक ओळ, आणि काम सुरू होताना ओढ्यावर उभा राहून यंत्रचालकाला "हा काठ सोड" म्हणणारा माणूस. ही ओळ २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर करून घेता येईल. १ मेची ग्रामसभा येईपर्यंत बहुतेक ठिकाणी काम निम्म्यावर गेलेलं असतं.

आपल्यापैकी कोणी काम ठरण्याआधी ओढ्यावर शिवारफेरी ठेवणार असेल तर शाळेमार्फत निरोप द्यावा, मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन येईन. परात, चाळणी आणि भिंगं आम्ही आणू. सोबत ग्रामसेवक, यंत्राचा चालक आणि ज्यांची शेतं काठाला लागून आहेत ते शेतकरी असावेत. कुठला काठ राखायचा ते तिथेच, चुन्याची रेघ मारून ठरवू. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याच जागी पुन्हा येऊन दोन्ही काठांची नोंद करू आणि ती आपल्या नोंदवहीत लावण्यासाठी समितीकडे देऊ.

कळावे,

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
तालुका व जिल्हा सातारा